वही मागितली, त्या हंगामातला बिनपगारी

गुळाचा वास गोड असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी गुऱ्हाळ लांबून पाहिलेलं असतं. जवळ गेलं की आधी नाकात शिरते ती मळी. उकळत्या रसावर तरंगणारी हिरवट-काळी, फेसाळ घाण. ती झाऱ्यानं काढून बाजूच्या टिपाडात टाकायची, आणि कागलपासून उचगावपर्यंतच्या झाडून साऱ्या माश्या त्या टिपाडावर तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारख्या बसायच्या. पायाखाली चिकट, हाताला चिकट, पदर सावरायला जावं तर पदर हातालाच येतो. दिवाळी सरली की हा वास आमच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. आज सकाळीही आला. नातीनं छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "आजी, किती भारी वास!" मी उठून खिडकी लावली.

गुळाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते एका जुन्या हंगामाशी, आणि त्या काळात माझ्या नावानं वावरणाऱ्या एका बाईशी. बाई बेचाळीसची. कागलला एका शाळेत लिपिक. अठ्ठ्याण्णव साली तिनं तीन महिन्यांचा संगणकाचा कोर्स केला आणि प्रमाणपत्राला काच बसवून ते देवघराच्या भिंतीवर, देवांच्या वर हातभर उंच, टांगलं. देवांनी तक्रार केली नाही. सासऱ्यांनी मात्र मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "ह्यो कोंचा द्येव म्हणायचा?" बाईला विनोद कळला नाही. तिनं त्यांना समजावून सांगितलं. मोठ्यानं, सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं. 

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आबा गुळव्या होते. काहिलीतल्या, म्हणजे त्या पसरट मोठ्या कढईतल्या, रसाचा गूळ नेमका कधी झाला, हे सांगणारा माणूस तो गुळव्या. उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांत त्याची गोळी वळायची, आणि गोळीनं होय म्हटलं की काहील उतरवायची. दोन उकळ्या आधी उतरवली तर गूळ बसत नाही, दोन उकळ्या उशिरा उतरवली तर करपतो. या दोन चुकांच्या मधली जी चिंचोळी पायवाट, तिच्यावर आबा चाळीस वर्षं अनवाणी चालले. आजूबाजूच्या गावांत काहील चढली की आधी आबांना सांगावा यायचा.

आणि आबा लिहीत. चौथी शिकलेला माणूस, पण जे कळलं ते निळ्या पुठ्ठ्याच्या एका जाड वहीत उतरवून ठेवी. वर्षाला दोन किंवा तीन नोंदी, जास्त नाहीत. प्रत्येक नोंदीला आकडा, आणि आकड्याखाली एक ओळ ठरलेली: जोतिबाच्या नावानं चांगभलं. मग मजकूर. एक नोंद मला पाठ आहे. "खोडव्याचा रस तापट. त्याच्यावर जाळ करू नये. लाकूड मागं ओढून त्याची समजूत काढावी." ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून फुटलेला दुसऱ्या वर्षीचा ऊस म्हणजे खोडवा. त्याची समजूत काढणारा दुसरा माणूस माझ्या बघण्यात नाही.

तर त्या विदुषीनं ठरवलं की वही संगणकात घालायची. घरी जुना संगणक आणला होता. तो टेम्पोतून गोधडीत गुंडाळून आला, आणि त्याच्या खोलीत जायचं तर पाय धुऊन, असा नियम मी केला. नवरा म्हणाला, "बाळंतिणीची खोली हाय काय ही?" रोज शाळेतून आले की दोन तास टाईप. चांगभल्याची ओळ मी गाळणारच होते, अंधश्रद्धा म्हणून. पण त्याच आठवड्यात कॉपी-पेस्ट शिकले होते आणि ते कुठं वापरू असं झालं होतं. मग आधी सगळे मथळेच चिकटवून टाकले. एकसष्ट आकडे, एकसष्ट वेळा चांगभलं. नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "आबांनी एकसष्ट बारी हातानं लिवलं, तर तुला कौतिक न्हाय वाटलं."

मजकूर भरून झाला, फ्लॉपीत उतरला. त्याच सुमाराला अवकाळी सर येऊन चिपाडं भिजली. चिपाडं म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. वाळला की काहिलीखालच्या चुलवाणात तोच जाळतात. ओल्या चिपाडांचा नुसता धूर. आमच्या गुऱ्हाळात जाळ घालायला मारुतीमामा असायचे. ते डोळे पुसत घराकडं आले. "वैनी, वाळला कागदबिगद हाय का?"

आबा त्या दिवशी जोतिबाला गेले होते. मी आत गेले आणि वही घेऊन आले.

मामा वही हातात घेईनात. "आवो, ही आबांची वही दिसतीया की."

"ती आता फ्लॉपीत आहे, मामा."

"म्हंजे कुठं?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले, आणि गुऱ्हाळावर जाऊन स्वतःच्या हातानं वही चुलवाणात टाकली. पुठ्ठा आधी काळा झाला, मग पानं एकेक करून वळली, कुणीतरी आतून चाळतंय अशी. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते, लपवत नाही. मला आधुनिक वाटलं.

संध्याकाळी आबांनी विचारलं, वही कुठाय. वाळवी लागेल म्हणून ट्रंकेत ठेवलीय, असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला. लिपिक सून खोटं कशाला बोलेल?

पुढची सहा वर्षं वहीची कुणाला गरजच पडली नाही. आबांच्या डोक्यात सगळं होतंच, आणि नजर अधू होत गेल्यानं त्यांनी लिहिणंही सोडलं होतं. मग दोन हजार चारच्या दसऱ्यानंतर आबांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. डोकं शाबूत. हंगाम तोंडावर आला होता. माझ्या नवऱ्यानं काहील हातात घेतली आणि पहिल्याच आधणाला, म्हणजे पहिल्याच काहिलीला, गूळ असा झाला की साच्यातून काढला तर पोत्यावर पसरला, शेणासारखा. अंगणात खाटेवर आबा उशीला टेकून बसलेले. नवऱ्यानं चिमूटभर त्यांच्या जिभेवर ठेवला. आबांनी तोंड वाकडं केलं आणि बाजूला टाकला.

"थू."

लकव्यानं सगळे शब्द नेले होते, एवढा एक ठेवला होता. त्या हंगामात आमच्या घरात तोच ऐकू यायचा. दुसरं आधण, थू. तिसरं करपलं, त्याला दोनदा थू. मग आबा डाव्या हातानं हवेत एक चौकोन काढायचे आणि तळवा माझ्यापुढं पसरायचे. वही. मी म्हणायचे, काढते आबा, ट्रंकेची किल्ली सापडत नाही. ते तळवा तसाच ठेवायचे. रोज सकाळी, चहाच्या कपाआधी, तो पसरलेला तळवा. मी त्यावर कप ठेवायचे. इतकी निर्लज्ज होते.

जुना संगणक तोवर मेला होता. शाळेतल्या नव्या संगणकात मी फ्लॉपी घातली आणि फाईल उघडली. पडद्यावर मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, पण तीही धड नाहीत. कुणाला मिशा, कुणाला शेपट्या, कुणाच्या डोक्यावर उलटी टोपी. गणपतीच्या मिरवणुकीत पिऊन घुसलेल्या सोंगांसारखी सगळी ओळीनं उभी. आमच्या जुन्या संगणकातलं मराठी हा इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी वेश होता, हे मला तेव्हा कळलं. तो वेश, म्हणजे तो फॉन्ट, ज्या दुकानानं दिला त्या दुकानाच्या जागी आता ब्लाऊजला अस्तर लावून मिळत होतं. मी वॉशबेसिनपाशी गेले आणि ओकले. खरंच ओकले; हे लेखातलं ओकणं नाही.

इंटरनेटवर मराठी माणसांचा एक कट्टा आहे, तिथं संगणकाच्या अडचणी फुकट सोडवतात, असं एका शिक्षिकेनं सांगितलं. कागलच्या स्टँडमागं इंटरनेटचं दुकान होतं. दुपारी शाळा सुटली की मी तिथं जाऊ लागले. त्या जागेचं वर्णन करू नये, पण करते. कळफलकावर आधीच्या गिऱ्हाइकांनी खाल्लेल्या भडंगाचे दाणे, माऊसला खोबरेल, आणि शेजारच्या खोक्यात बसलेल्याच्या मोज्यांचा वास. मी रुमाल अंथरून बसायचे आणि दोन बोटांनी टाईप करायचे, बाकीची आठ कुठं लागू नयेत म्हणून.

कट्ट्यावर नाव घ्यावं लागे. मी घेतलं 'विदुषी'. हसू नका, नातीनं ते आधीच हसून घेतलंय. आणि पहिला निरोप टाकला तो असा: "माझी अत्यंत महत्त्वाची फाईल आपल्या लोकांच्या निष्काळजीपणामुळे खराब झाली आहे. ताबडतोब दुरुस्त करून मिळावी." आपल्या लोकांच्या! त्या बिचाऱ्यांनी माझं काय केलं होतं? हाच निरोप मी कट्ट्याच्या अकरा विभागांत टाकला. छपाई, व्हायरस, पाककृती, सगळीकडं.

उत्तरं आली. एक म्हणाला, आधी शोधा, मग विचारा. एक म्हणाला, चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं की असंच होतं. एक पंडित होता, तो कुणालाही, काहीही झालं तरी एकच सांगायचा: "फॉरमॅट मारा." म्हणजे संगणक सगळा पुसून टाका. तिघंही सुशिक्षित, तिघांचंही बरोबर, आणि तिघांच्याही बोलण्यातून मला माझाच वास आला. तुम्हाला नाही कळायचं.

मग चौथं उत्तर आलं. नाव: बिनपगारी.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विदुषीताई, एक प्रवासी अकरा फलाटांवर उभा राहिला तरी गाडी एकच येते. आपण फलाट क्रमांक एकवर थांबावे. बाकीचे दहा निरोप मी पुसले आहेत, पाककृतीतला सोडून. तिथं एका ताईंनी आपल्याला लसणाची चटणी सुचवली आहे. आता सांगा, फाईलीत काय आहे?"

मी लिहिलं, महत्त्वाची माहिती.

"ते सगळ्यांच्याच फाईलीत असतं. कुणाची?"

त्या भडंग पडलेल्या कळफलकावर, एका परक्या माणसाला, ज्याचं खरं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं, मी पहिल्यांदा सगळं लिहिलं. आबा, वही, चुलवाण, पसरलेला तळवा. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. लिहून झाल्यावर वाटलं, आता हा माणूसही थू म्हणणार. दुसऱ्या दिवशी उत्तर होतं:

"ताई, वाईट केलंत. हे एकदाच म्हणतो, पुन्हा म्हणणार नाही, कारण आपण ते रोज म्हणत असाल. फॉरमॅट मारू नका. फॉरमॅट मारा म्हणणारे डॉक्टर झाले असते तर गाव लंगडं झालं असतं. वहीत नक्की असणारच अशी एखादी ओळ आठवते का? शब्दन् शब्द?"

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं. एकसष्ट वेळा असलेली ओळ माझ्याकडं होती. ज्या ओळीला मी गाळणार होते आणि निव्वळ मिरवायला म्हणून चिकटवली, ती.

"चांगभलं!" त्यानं लिहिलं. "म्हणजे ज, त, ब, च, न, व, ग, भ, ल एका फटक्यात मिळाले. देव पावला म्हणायचा, आणि देवाहून कॉपी-पेस्ट."

तिथून पुढं दोन महिने चाललं. सोंगांच्या ओळीतलं कुठलं सोंग म्हणजे कुठलं मराठी अक्षर, याचा तो तक्ता करत होता. रोज चार-पाच अक्षरं. मी फाईलीतला तुकडा टाकायचे, तो अर्धा वाचून परत टाकायचा, मधली अक्षरं मला विचारायचा. "ताई, 'का' नंतर काहीतरी, मग 'ल'. काढील? कापील?" मी लिहायचे, काहील. तो लिहायचा, "धन्यवाद. 'ह' आला. ह आल्यामुळं आता आपल्याला हसता येईल." एकदा टिंबं घातलेलं एक सोंग चार दिवस अडून बसलं. त्याची घोषणा आली, "फलाट तीनवरची 'ढ' ही गाडी अनिश्चित काळासाठी उशिरा आहे. ढेप येईपर्यंत प्रवाशांनी गुळाचा चहा घ्यावा."

माझं एकटीचंच काम नाही करायचा. त्याच दिवसांत कुणाचा प्रिंटर कागद चावायचा, कुणाला लग्नपत्रिकेत उभी ओळ येत नसायची, कुणाचं मशीन सुरूच होत नसायचं. या शेवटच्याला त्यानं अकरा निरोपांनंतर विचारलं होतं, "भाऊ, बटन दाबलंय ना?" आणि भाऊनं नव्हतं दाबलं. तरी बिनपगारीनं त्याची थट्टा केली ती अशी, की भाऊच पहिला हसला. लोक शिव्या देत, अर्धं वाचून उठून जात, काम झालं की आभारही मानत नसत. मला त्यांची किळस यायची. मग आठवायचं, माझा पहिला निरोप.

मी एकदा विचारलं, तुम्ही करता काय? त्यानं लिहिलं: "एका तालुक्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. दिवसभर गाड्यांच्या वेळा सांगतो. त्याचा पगार मिळतो, पण लोक उत्तर पुरं व्हायच्या आत पळतात. इथं पगार नाही, पण तुमच्यासारखं एखादं गिऱ्हाईक बसून राहतं. खिडकीत बसणाऱ्याला आणखी काय पाहिजे?"

तो कट्टा आता राहिला नाही. परवा नातीनं शोधून दिला, तर त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती नाचत होत्या. पंचवीस हजार जिंका म्हणे. त्या जागी एका माणसानं लोकांचे बंद प्रिंटर, हरवलेली अक्षरं आणि न दाबलेली बटनं वर्षानुवर्षं सांभाळली, हे तिथं कुठं म्हणून लिहिलेलं नाही. मी ते पान बंद केलं आणि हात धुतले. खरं तर माऊस स्वच्छ होता.

शिमग्याच्या आधी पंधरा दिवस, तक्ता पुरा झाला. त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सोंगं एका बाजूनं घातली की दुसऱ्या बाजूनं मराठी बाहेर. तो त्यानं कट्ट्यावर सगळ्यांना फुकट ठेवला, माझ्यासारखे आणखी कुणी असतील म्हणून. दोघंजण निघालेही. मी फाईल घातली आणि खोडवा, आडसाली ऊस, चुना, भेंडीचं पाणी, सगळं सगळं ओळीनं पडद्यावर उतरलं. मी त्या घाणेरड्या टेबलावर डोकं टेकलं. रुमाल न घालता.

त्याच वेळी त्याचा निरोप आला; तुकड्यातुकड्यानं सगळी फाईल त्याच्याकडंही गेली होती. आधी नेहमीची घोषणा, गाडी फलाटावर लागल्याची. मग हे:

"ताई, एक बघा. नऊ ठिकाणी चांगभल्याखाली काहीच नाही. आकडा आहे, ओळ आहे, खाली रिकामं. मी तीनदा तपासलं. अक्षरं हरवलेली नाहीत. तिथं काही टाईपच झालेलं नाही."

मला माहीत होतं. मथळे आधी चिकटवले होते ना? नंतर भरताना ज्या नोंदी गुळाच्या नव्हत्या, त्या मी सोडल्या. नजर टाकली की दिसायचं, कुठं पाहुण्यांचं, कुठं बैलाचं, कुठं सासूबाईंचं. सासूबाईंना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. गुळाच्या पद्धतीत त्यांचं काय काम? मी तसंच लिहिलं. "त्या फालतू होत्या."

त्यानं दोनच शब्द लिहिले. "कुणी ठरवलं?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या उत्तरात गंमत नव्हती. मी दुकानदाराला आणखी एका तासाचे पैसे दिले. खूप वेळानं त्याचंच पुढचं आलं: "मशीनचं काम इथं संपलं. आमच्या खिडकीशी मुका माणूस आला की आम्ही गावांची नावं घेत जातो. तो बोट आपटतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आबांचा डावा हात चालतो म्हणालात ना?"

दुसऱ्या दिवशी मी छापलेले कागद घेऊन आबांच्या खाटेपाशी बसले. त्यांनी सवयीनं तळवा पसरला. मी कप ठेवला नाही.

"आबा, वही न्हाय. मी जाळली. मारुतीमामांनी न्हाय, मीच. चुलवाणात." मला कळलंच नाही की मी त्यांच्या बोलीत बोलत होते. "ट्रंकेत कधीच नव्हती. सहा वर्षं खोटं सांगितलं."

नवरा दारात उभा होता. त्याचा हात चौकटीवर घट्ट झाला ते मी पाहिलं.  आबांच्या तोंडाची डावी बाजू हलली. मान बाजूला वळवली आणि म्हणाले, "थू."

बरं वाटलं मला. सहा वर्षांनी योग्य माणसाला योग्य शब्द मिळाला होता.

मग त्यांनी पुन्हा तळवा पसरला आणि बोटं आत-बाहेर हलवली. वाच.

मी वाचू लागले. खोडव्याची समजूत काढायची नोंद नवऱ्यानं दोनदा ऐकली, तसाच गुऱ्हाळावर गेला आणि जाळातलं लाकूड मागं ओढलं. त्या आधणाचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, दुसऱ्या दिवशी बोट मारलं तर टणक लागला. आबांनी तो चाखला, गिळला आणि काही म्हटलं नाही. त्या हंगामात एवढं कौतुक दुसऱ्या कशाचं झालं नाही. पण रिकाम्या आकड्यांपाशी आले की आबा डावा हात वर करायचे. मी पुढं जाऊ लागले तर मनगट धरायचे. त्यांना पाठ होतं, कुठं काय होतं ते. फक्त सांगता येत नव्हतं.

मग सुरू झालं विचारणं. मी चौकशीच्या खिडकीतला बाबू झाले. "हितं सासूबाईंचं होतं?" एक टिचकी. "भांडल्या होत्या?" एक. "काकवी सांडली म्हणून?" दोन. "तुमी सांडली म्हणून?" एक, आणि त्यांच्या डोळ्यांत हसू. त्या नोंदीत मी लिहिलं, काकवी आबांनी सांडली, नाव मांजरावर गेलं. वाचून दाखवलं, एक टिचकी. बैलाची नोंद दोन दिवसांत मिळाली. लेकीच्या सासरी पाठवलेल्या पहिल्या रव्याची, तीन दिवसांत. मारुतीमामा बिडी ओढत शेजारी बसायचे आणि प्रश्न सुचवायचे. "इचारा की वैनी, त्यो साप निघाला हुता त्ये हाय का त्यात!" होतं. नऊपैकी आठ नोंदी भरल्या, धड नाहीत, आबांच्या शब्दांत नाहीत, माझ्याच. पण भरल्या.

राहिली सतरा नंबरची.

सतराला काही जुळेना. सासूबाई? दोन. पाऊस, जनावर, आजारपण, भांडण? दोन, दोन, दोन, दोन. कुणाचा मृत्यू? दोन, जोरात. मी नजर टाकून सोडलेली नोंद ती, मला एक अक्षरही आठवेना. आबा दमायचे, मी दमायचे. पुन्हा सकाळी तेच. माझे प्रश्न संपले तेव्हा मी कट्ट्यावर लिहिलं, विचारायचं काही उरलं नाही.

बिनपगारीनं एक यादी पाठवली. "खिडकीशी लोक जे जे विचारतात, ते सगळं. गाड्यांचं काढून टाकलं आहे. उरलं ते बघा लागू होतं का." वीसेक प्रश्न होते. काहींवर हसू यावं असे. कुणी पैसे मागून नेले का, कुणी चुकीच्या गावी उतरलं का, कुणाला झोप लागली का. मी एकेक वाचत गेले आणि आबा दोन-दोन टिचक्या देत गेले. बाराव्याला मी तसंच, कंटाळून, न थांबता वाचलं:

"कुणी येणार होतं आणि आलं नाही, असं आहे का?"

एक टिचकी.

मारुतीमामांनी बिडी टाकली. मी नावं घेऊ लागले. आत्या? भाऊ? बाजारातला व्यापारी? दोन, दोन, दोन. आबा माझ्याकडं बघत होते. अजून मी नावंच घेत होते. मामांनी हळूच सांगितलं, "वैनी, सोताचं नाव घ्या की."

लग्न होऊन मी या घरी आले त्याच वर्षीची ती गोष्ट. आबांनी सांगितलं होतं, सूनबाई, उद्या पहाटे काहिलीपाशी ये, गोळी कशी वळायची दाखवतो. पोरींना कुणी दाखवत नसत तेव्हा, मुलांनाच दाखवत. मी हो म्हटलं. सकाळी अंगणात आले, माश्या पाहिल्या, मळीचं टिपाड पाहिलं, नाकाला पदर लावला आणि परत आत गेले. डोकं दुखतंय म्हणाले. त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही. मीही विसरले. इतकी विसरले, की त्यांनी ते लिहून ठेवलेलं माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मला ओळखू आलं नाही.

"मी येणार होते," मी म्हणाले.

एक टिचकी.

"तुमी वाट बघितली."

एक.

"राग आला?"

दोन.

मी सतराखाली लिहिलं: "सूनबाई येणार होती. आली नाही." आणि त्यांना वाचून दाखवलं. "आबा, एवढंच हुतं?"

त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. थांबले. मग दोनदा टेकवलं.

अजून होतं. पुढच्या पावसाळ्यात आबा गेले, तोवर मी रोज विचारत राहिले. बिनपगारीही त्याला सुचतील तसे प्रश्न पाठवत राहिला, गंमत न करता. त्या ओळीच्या पुढं त्यांनी माझ्याबद्दल काय लिहिलं होतं, ते विचारणारा प्रश्न मला सुचला नाही. त्यालाही नाही.